महाडमधलं इंग्लंड

इंग्लंडमध्ये मी एक वर्ष शिकले. पोलादपूरच्या हिशेबात मी अजून तिथेच आहे. प्रत्यक्षात मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, दिवसभर सांडपाण्याचे नमुने तपासत असते. महाड ते पोलादपूर एसटीने जेमतेम अर्धा तास लागतो. तेवढा रस्ता ओलांडायला मला घरून परवानगी नाही.

याची सुरुवात एका सत्काराने झाली. परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आमच्या बौद्धवाडीने विहारासमोर मांडव घातला. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वाडीतले पहिले. त्यामुळे मुलगी वाडीची असली तरी सत्कार निम्मा त्यांचा होता आणि ते तसेच बसले होते, शाल न काढता, घाम पुसत. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी आले. उशिरा आले, माझं नाव विचारून घेतलं आणि माईक हातात घेऊन सांगून टाकलं की ही लेक तीन वर्षांनी डॉक्टर होऊन परत येणार. टाळ्या पडल्या. माझा कोर्स एम.एस्सी.चा, एका वर्षाचा. मी पप्पांना कोपराने ढोसलं. ते ओठ न हलवता म्हणाले, "पाहुण्याला माईकवर खोडायचं नसतं."

झालं. आभार मानणाऱ्याने तेच म्हटलं, दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळ लागलेल्या फ्लेक्सवर तेच छापून आलं, आणि पुढच्या आठवड्यात पप्पा स्वतःच लोकांना तीन वर्षं सांगू लागले. मी चिडले तर म्हणाले, तू तिकडे जाऊन हुशारी दाखवलीस की वाढवतीलच, नाहीतरी कोण मोजत बसलंय. कोण मोजत बसत नाही? आमच्या वाडीला दुसरा उद्योग काय?

वरंधच्या बाजूचा एक मुलगा मागे आखातात नोकरीला गेला होता आणि काही महिन्यांत परत आला. कंपनीच बंद पडली होती, त्याचा काही दोष नव्हता. पण स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, पत्ता चुकला म्हणून पार्सल परत आलं. तेव्हापासून त्याचं नाव पार्सल. त्याचं लग्न झालं तेव्हाही पार्सलचं लग्न झालं, आणि आता त्याच्या पोराला शाळेत पार्सलचा म्हणतात. टपरीवर हे म्हणणारा माणूस म्हणजे माझे पप्पा. घरी येऊन त्यांनी तो विनोद आम्हालाही ऐकवला होता आणि आम्ही हसलोही होतो.

मला निरोप द्यायला वाडीतून दोन गाड्या भरून माणसं मुंबईच्या विमानतळावर आली. तशी पद्धतच आहे आमच्याकडे, परदेशी जाणाऱ्याला दारातून नाही, विमानतळावरून निरोप द्यायचा. सगळ्यात जास्त रडली माझी आत्या. पप्पांची ही थोरली बहीण लग्नानंतर लवकरच विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. आई अंगणवाडीत, पप्पा शाळेत, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानेच. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. वाचायला येत नव्हतं, पण माझी कुठलीही परीक्षा असली की पेपर संपेपर्यंत शाळेबाहेर बसून राहायची आणि मी बाहेर आले की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. माझ्या बॅगेत तिने सुकट भरली होती, प्लास्टिकच्या पिशव्यांवर पिशव्या गुंडाळून. मला म्हणाली, "तिकडं कुणाला घाबरू नको गो. आनि मदीच सोडून येऊ नको."

इंग्लंडातलं माझं गाव उत्तरेकडे होतं. कौतुकाने सांगण्यासारखं तिथे फार नव्हतं. चारनंतर अंधार, पाऊस आमच्यासारखा कोसळत नाही, नुसता चिकटून राहतो. सहा मुलींमध्ये एक स्वयंपाकघर. एका रविवारी सकाळी मला फारच आठवण आली म्हणून आत्याची सुकट तव्यावर टाकली, तर धुराची घंटा वाजली आणि इमारतीतली सगळी मुलं रात्रीच्या कपड्यांत, थंडीत रस्त्यावर उभी राहिली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट हसले, 'काही हरकत नाही' म्हणाले. संध्याकाळी तक्रारीचा ईमेल आला, शेजारणीने लिहिलेला, माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर बसून. आमच्या वाडीत बायका तोंडावर शिव्या घालतात आणि संध्याकाळी वाटीभर कालवण मागायला येतात. तिथे तसं नाही. सुकटीची उरलेली पिशवी मी दूरच्या कचरापेटीत टाकून आले आणि वाटभर रडले.

पण अभ्यास केला. तो मात्र असा केला की विचारू नका. नदीच्या पाण्यात कारखान्यांतून काय काय मिसळतं हा माझा विषय. वर्गातल्या बाकीच्यांसाठी तो नुसता विषय होता, मी मात्र सावित्री नदीच्या काठची, त्या पाण्याचा वास ओळखणारी. बाईंनी माझा प्रबंध वर्गात उचलून दाखवला. चांगल्या श्रेणीने पास झाले. निकाल लागला त्या दिवशी घरी फोन केला, तर आत्या मध्येच म्हणाली, पहिलं वर्ष निघालं, आता दोन राह्यली. पप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि विषय बदलला.

परत आले तेव्हा विमानतळावर पप्पा एकटेच होते. गाड्या नाहीत, हार नाहीत, आत्या नाही. मला आधी वाटलं घरी काही वाईट झालं. गाडी महाडला आली आणि पोलादपूरकडे जायच्या ऐवजी गावात वळली. त्यांनी माझ्यासाठी एक खोली बघून ठेवली होती. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच होती, छातीइतकी उंच. पप्पा खाटेवर बसले आणि वर्गात धडा समजावतात तसं समजावू लागले. मे महिन्यात ते निवृत्त होणार, मोठा कार्यक्रम होणार, सगळा तालुका येणार. त्याच्या आधी मुलगी तीन वर्षांऐवजी एका वर्षात परत आलेली दिसली तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांना सांगा की कोर्सच एक वर्षाचा आहे. ते म्हणाले, इथे डी.एड.ला दोन वर्षं लागतात, एका वर्षात परदेशी पदवी मिळते हे कोण मानणार? नापास झाली म्हणतील, नाहीतर हाकलली म्हणतील. मग हळूच म्हणाले, "मला तरी खरं सांग. पास झालीस ना?"

मी पेटीतून कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, इंग्रजी वाचलं आणि परत दिला. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. त्या दिवशी मला बापाचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही.

सुट्टीवर आले असं सांगून घरी न्या, असं मी सुचवलं. ते म्हणाले, सुट्टी संपली की वाडी गाड्या करून तुला विमानतळावर पोचवायला येईल, मग कुठल्या विमानात चढशील? हा मुद्दा बिनतोड होता. मग मी म्हटलं, निदान आत्याला तरी सांगू दे. त्यालाही नकार. तिच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल. आईला ठाऊक होतं. ती रविवारी बाजाराच्या निमित्ताने महाडला यायची, माझ्यासाठी डबा आणायची आणि खोलीत बसून माझ्याऐवजी भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघायची. मेपर्यंत कळ काढ, एवढंच म्हणायची.

नोकरी मिळाली. मुलाखतीला साहेबाने पदवी पाहून तेच विचारलं, मास्टर्स एका वर्षात कसं होतं म्हणून, आणि पगारात तेवढं कापलं. कारखान्याच्या बसमधून जाताना मी इतर मुलींसारखी तोंडाला ओढणी गुंडाळायची. त्या उन्हासाठी गुंडाळायच्या, मी पोलादपूरच्या माणसांसाठी. घरी व्हिडिओ कॉल रात्री जेवणानंतर व्हायचा, म्हणजे माझ्याकडे तेव्हा दुपार असायला हवी. म्हणून खिडकीला पडदा, दोन्ही ट्यूबलाईट चालू, अंगात स्वेटर, आणि खुर्ची अशी ठेवायची की पुराची रेघ दिसू नये. घामाने पाठ चिंब व्हायची. आत्या फोनला डोळे लावून विचारायची, बरफ पडतो काय गो अजून? मी म्हणायची, पडतो. माणूस आपल्या बापाच्या अब्रूसाठी महाडात बर्फसुद्धा पाडू शकतो.

होळीच्या आसपास आत्याचा आवाज फोनवर बारीक येऊ लागला. विचारलं की म्हणायची, पित्त झालंय. मग ती फोनवर यायचीच बंद झाली. पप्पा सांगायचे झोपलीय, आई सांगायची विहारात गेलीय. एका रविवारी आई आली आणि डबा न उघडताच रडायला लागली. आत्याचं यकृत निकामी झालं होतं, पोटात पाणी साठलं होतं. तिला दवाखान्यात दाखल केलं होतं आणि तो दवाखाना महाडातच होता. माझ्या खोलीपासून रिक्षाने पाच मिनिटांवर. आठवडा झाला होता. त्या आठवड्यात मी रोज कामाच्या बसने त्या रस्त्याने गेले होते.

मी चप्पल घालून उठले. आईने दारात हात आडवा केला. तिथे सारखं कुणी ना कुणी वाडीतलं बसलेलं असतं म्हणाली, तू गेलीस तर तुझे पप्पा तोंड दाखवू शकणार नाहीत. मी पप्पांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले की आत्यानेच सांगितलंय, पोरीला कळवू नका, तिची परीक्षा बुडेल. हे खरंही होतं. माझ्या नसलेल्या परीक्षेसाठी ती मला न बघता मरायला तयार होती. डॉक्टर काय म्हणतात असं विचारलं तर पप्पा म्हणाले, फार दिवस नाहीत. आणि लगेच पुढे म्हणाले, संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर, वॉर्डात नेटवर्क चांगलं आहे.

मला आत्याला एकदा भेटायचं होतं. फक्त एवढंच. तिने माझ्या तोंडाकडे बघावं आणि मी पास झालेय हे तिला कळावं. दुसऱ्या दिवशी मी कामावर दांडी मारली आणि दुपारी, वाडीची माणसं जेवायला बाहेर पडतात त्या वेळेला, ओढणी गुंडाळून दवाखान्यात गेले.

खाटेजवळ पप्पा एकटेच होते. मला चालीवरून ओळखलं आणि ताडकन उठले. मी त्यांच्याकडे न बघता आत्याजवळ बसले आणि ओढणी सोडली. तिचे डोळे पिवळे पडले होते, हातांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट तेवढं फुगलं होतं. तिने मला ओळखलं. माझ्या गालावर हात फिरवला, केस मागे सारले, हसली. आणि मग परीक्षेनंतर बघायची तसं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिचं हसू विरलं.

"काडली काय गो तुला?"

मी म्हटलं, "नाही आत्या. पास झाले. ते एकाच वर्षाचं होतं."

"माज्यासाठी सोडून आलीस तू," ती म्हणाली. "मदीच सोडून आलीस." तिला धाप लागली. मी परत सांगितलं, संपलं आत्या, सगळं संपलं, पदवी मिळाली, माझ्याकडे कागद आहे. ती मान हलवत राहिली. शाळेच्या बाबतीत तिने आयुष्यभर एकाच माणसावर विश्वास ठेवला होता. ती पप्पांकडे वळली. "काय म्हनते ही? आसतं काय रं एका वर्साचं?"

पप्पांनी फक्त हो म्हणायचं होतं. असतं, ताई, पास झालीय ती. एवढ्याला कितीसा दम लागतो? त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात माझे चुलतकाका थर्मास घेऊन दारात आले आणि मला बघून जागच्या जागी थांबले. पप्पांनी काकांकडे बघितलं, मग आत्याकडे.

"सुट्टीवर आलीय," पप्पा म्हणाले. "तुला बघायला. आत्ताच परत निघतेय, रात्रीचं विमान आहे."

आत्याने श्वास सोडला. तिचा सगळा चेहरा सैल झाला, दुखणं थोडं बाजूला झाल्यासारखं वाटलं. तिने माझा हात आपल्या हातातून काढून माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मंग हितं काय बसलीस? जा. इमान चुकंल."

मला ओरडायचं होतं. बापाची गचांडी धरायची होती. पण ती इतकी निश्चिंत दिसत होती की माझ्या खऱ्याने तिला फक्त धाप लागली असती. पप्पांचं खोटं तिला बरं करत होतं आणि माझं खरं मारत होतं, याचा राग मी आजही गिळू शकत नाही. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आभ्यास कर," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

काकांनी तर हद्द केली. एवढ्या लांबून आलेली पोरगी, एकटी कशी जाऊ द्यायची? त्यांनी मला मोटारसायकलवर बसवून स्टँडवर नेलं, मुंबईच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरली, पाण्याची बाटली घेऊन दिली आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत उभे राहिले. सामान कुठाय असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मुंबईत मैत्रिणीकडे. बापाची मुलगी आहे मी. माणगावला उतरले आणि उलट्या गाडीने महाडला परत आले. दुसऱ्या दिवशी साहेबाने दांडीबद्दल चार शब्द सुनावले.

आता दवाखान्यात जायची सोयच उरली नव्हती. मी विमानात बसून गेले होते, सगळ्या वाडीने ते काकांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानंतरचे दिवस मी स्वेटर घालून त्या खोलीत बसून काढले. फोनवर तिच्या कपाळाचा तुकडा दिसायचा, कधी नुसती उशी.

ती गेली तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास काकांचा फोन आला. मी कारखान्यातून पोट दुखतंय म्हणून निघाले आणि खोलीवर आले. त्यांनी व्हिडिओ लावला. आमच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांत माणसं बसली होती. काकांनी फोन आत्याच्या तोंडाजवळ नेला, मग सगळ्यांवरून फिरवला, कुणाला तरी म्हणाले की परदेशातून बघतेय पोरगी. बायका माझ्याकडे बघून जास्तच रडू लागल्या. कालपरवा भेटून गेली गो बिचारी, एक म्हणाली, नशीब बग. दुसरी म्हणाली की तिकडं आता पहाट आसंल, पोर झोपली पन नसंल. त्रिसरण झालं, पंचशील झालं. तिला उचललं. अर्ध्या तासाच्या रस्त्यापलीकडे माझी आत्या अंगणातून बाहेर पडत होती आणि मी पडदा ओढलेल्या खोलीत हात जोडून बसले होते.

निघण्याआधी पप्पांनी काकांकडून फोन घेतला. त्यांचे डोळे सुजलेले होते. ती त्यांची बहीण होती, रडणं खोटं नव्हतं. अंगणातली माणसं पुढे सरकली, बाप आता मुलीशी काय बोलतो ते ऐकायला. पप्पांनी घसा साफ केला आणि शाळेच्या प्रार्थनेला बोलतात तशा आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला सांगितलं, "रडू नको. आत्याची शेवटची इच्छा आहे. जाताना तिने माझा हात धरून सांगितलं, पोरीला म्हणावं, डॉक्टर झाल्याशिवाय घरी पाऊल टाकायचं नाही."

असं ती काही म्हणाली नव्हती. शेवटचे दोन दिवस ती बेशुद्ध होती, आई तिच्या उशाशी होती, आईनेच मला ते आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. आता आई पप्पांच्या मागे उभी होती, पदर तोंडाला लावून. अंगणातली सगळी वाडी फोनमध्ये माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, "हो, पप्पा."

मे महिन्यातला निवृत्तीचा कार्यक्रम छान झाला म्हणे.